धोबिणीच्या तोंडी तात्यांचा आवाज

कॉलेजच्या फाटकावरचा तो कागद मी रिक्षातून पाहिला आणि "थांबा, थांबा" म्हणून ओरडले. रिक्षावाला वैतागला. "आवो ताई, मागनं बस याय लागलीया की! हितं कुठं थांबू?" तरी त्यानं थांबवली. कोल्हापूरचा माणूस आधी ओरडतो आणि मग सांगितलेलं काम करतो, हे मी पुण्यात राहून विसरले होते.

कागदावर एक काळी बाई होती. डोक्यावर धुतलेल्या कपड्यांची टोपली, हनुवटी वर आणि नजर सरळ बघणाऱ्यावर. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती: माणसं, पुस्तकं, सिनेमे'. आठवडाभर व्याख्यानं, पुस्तकांचं प्रदर्शन, रोज संध्याकाळी एक सिनेमा. टोपलीवाल्या बाईच्या खाली सिनेमाचं इंग्रजी नाव होतं. या सिनेमाला काही नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या मंगळवार पेठेत तो 'धोबिणीचा सिनेमा' होता. मी लहानपणी तो सात-आठ वेळा तरी पाहिला असेल, आणि प्रत्येक वेळी ती धोबीण माझ्या तात्यांच्या आवाजात बोलली होती.

आमच्या गल्लीत तालमीच्या मागं एक मोकळी जागा होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात तिथं सिनेमे व्हायचे. आखाड्यातल्या तांबड्या मातीचा ताक, तेल आणि हळद मुरलेला वास तिथपर्यंत यायचा. दोन पांढऱ्या चादरी आईनं जोडून शिवलेल्या होत्या, तो आमचा पडदा. शिवण बरोबर मधून जायची, त्यामुळं जो कुणी जवळून दिसेल त्याच्या नाकावर एक उभी रेघ यायची. मला बरीच वर्षं वाटायचं की तिकडच्या माणसांची नाकं अशीच असतात.

सिनेमा दाखवायचं मशीन गल्लीतल्या रसूलमामांचं. ते तापलं की जळलेल्या धुळीचा वास सुटायचा, उजेडाच्या झोतात पाखरं नाचायची, आणि पडद्यावर एखादा गोरा फौजदार बोलत असताना त्याच्या गालावरून भलामोठा पतंग चालत जायचा. पोरं खिदळायची. बायका पदरात भडंग घेऊन बसलेल्या असायच्या, तालमीतले पैलवान मागं भिंतीला टेकून. सिनेमाची रिळं गल्लीच्या टोकाला राहणारे कॉलेजातले एक सर आणायचे. कुठून, कशी, ते आम्ही कधी विचारलं नाही. सरांचं एकच म्हणणं असे. या जगात आपल्यासारखी आणखी माणसं आहेत आणि तीही अशीच झगडून माणसात आली, एवढं तरी आपल्याला ठाऊक पाहिजे.

पण सिनेमे इंग्रजी. गल्लीला इंग्रजी कुठलं येतंय? तिथं तात्या उभे राहिले.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. थिएटरवरचे सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास, नखांत कुणा ना कुणा नायिकेच्या साडीचा रंग. गल्लीतल्या सिनेमांचे बोर्डही तेच रंगवत, आणि मी शेजारी बसून डबे धरत असे. एकदा मी मोठ्या उत्साहानं काळ्या रंगाचा डबा पुढं केला, तर म्हणाले, "ठेव त्यो तितंच. काळं माणूस काळ्या डब्यातनं न्हाय निघत, पोरी. त्येच्यात तांबडा हाय, निळा हाय, जांभळा हाय. नीट बघाय लागतंय." मग त्यांनी धोबिणीच्या गालावर जांभळा लावला आणि ती बाई खरोखर बोर्डातून आमच्याकडं बघायला लागली.

तात्यांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, तेही काठावर पास. दुपारी सर चहा पीत सिनेमाची गोष्ट सांगायचे आणि तात्या डोळे मिटून ऐकायचे. अंधार पडला की पडद्याच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून, गल्लीतल्या तरुण मंडळाचा माइक हातात घेऊन बसायचे, आणि सगळ्यांचं सगळं एकटेच बोलायचे. सरांनी सांगितलेलं बोटभर, तात्यांनी केलेलं हातभर. गोरा फौजदार म्हणायचा, "काय रं ए, कुणाला इचारून आत आलास?" तो काळा म्हातारा म्हणायचा, "दार उघडं हुतं सायेब, आणि आमाला बी पाय हायत." गाणं लागलं तरी तात्यांना दम निघायचा नाही. ते त्या गाण्यावरूनच बोलायचे, "आता बगा, ती म्हनतीया की देवा, माजं वझं तू घे गा." त्यांचा आवाज मोठा, खरखरीत, हलगीसारखा छातीत वाजणारा. सिनेमातली मूळ माणसं त्या आवाजाखाली पार बुडून जायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

त्या आवाजातूनच मला ती सगळी माणसं भेटली. एक मुष्टियोद्धा होता, त्याला आमचे पैलवान 'पावणं' म्हणायचे. "आज पावण्याचा शिनेमा हाय," असं म्हणून ते अंघोळ करून, केस विंचरून यायचे. एक गाणारी बाई होती, जिला नाट्यगृहात गायला बोलवायचे पण पुढच्या दारानं आत येऊ द्यायचे नाहीत. एक माणूस गुलामीत जन्मलेला, चोरून अक्षरं शिकलेला. त्याचं पुस्तक पुढं मंडळाच्या कपाटात मराठीत आलं. पुठ्ठा निघालेला, खळीनं चिकटवलेला, कडांना बोटांचे डाग. आई भाकरी थापायची आणि मी चुलीपुढं बसून तिला ते वाचून दाखवायची. तो माणूस अक्षर शिकला त्या पानावर आईची भाकरी करपली. आई म्हणाली, "करपू दे. म्होरं वाच." मंडळाच्या खोलीत कोटातल्या, हातात पुस्तक धरलेल्या तसबिरीशेजारी तात्यांनी रंगवलेली ही सगळी माणसं ओळीनं लावलेली होती, आणि हार घालताना कुणी हात आखडता घेत नसे.

धोबिणीच्या सिनेमात एक पाण्याचा प्रसंग होता. उन्हातून चालत ती कचेरीत येते. तिथं दोन नळ असतात. एक चकचकीत, गोऱ्यांचा. दुसरा गंजलेला, तिच्या लोकांचा, आणि त्याला त्या दिवशी पाणी नसतं. चकचकीत नळ हाताच्या अंतरावर टपटपत असतो. ती ओठावरून जीभ फिरवते आणि उभी राहते. पहिल्यांदा तो प्रसंग आला तेव्हा तात्या म्हणाले, "पाणी बी वाटून घेतलंय गा ह्यांनी." हा प्रसंग आमच्यात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. माझ्या आईचं माहेर हातकणंगल्याकडचं. तिच्या लहानपणी गावच्या आडावर तिची आई घागर घेऊन लांब थांबायची आणि कुणी वरून ओतलं तरच पाणी घरी यायचं.

तेवढ्यात रसूलमामांची बायको, हमीदाचाची, उठल्या. झपाझप घरात गेल्या, पितळेचा तांब्या भरून आणला आणि पडद्याच्या अगदी खाली नेऊन ठेवला. "घे बाई," त्या पडद्याकडं बघून म्हणाल्या, "आमच्यातलं चालंल न्हवं तुला?"

पोरं हसली. पैलवानही हसले. आई हसता हसता रडायलाच लागली. रसूलमामा मशीनपाशी कपाळाला हात लावून बसले, "आगं हमीदा, त्यो शिनेमा हाय!" चाचींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या वर्षापासून मात्र सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्याखाली भरलेला तांब्या ठेवायचा, असा रिवाजच पडला. गणपतीपुढं नारळ ठेवावा इतक्या सहजपणे. कोण ठेवतंय यावरून बायकांची भांडणंही झाली.

आणि मग ते वाक्य. धोबीण साहेबांच्या कॉलरवरच्या खुणा बघत बघत अक्षरं शिकते आणि मतदार म्हणून नाव लावायला कचेरीत जाते. कारकून तिला हिणवतो, ताटकळत ठेवतो, शेवटी कागद सरकवतो. ती खूप वेळ लावून नाव लिहिते. कारकून पुसायचं रबर हातात घेतो. तेव्हा तात्या स्टुलावरून उठून उभे राहायचे आणि त्यांच्या हलगीच्या आवाजात धोबीण म्हणायची, "ह्ये माजं नाव. म्या माज्या हातानं लिवलंय. आता तू पुसून दाव!"

काय टाळ्या पडायच्या! पैलवान शड्डू ठोकायचे. ते वाक्य गल्लीत सगळ्यांच्या तोंडी होतं. पोरं भिंतीवर कोळशानं नाव लिहून म्हणायची. आई एकदा रेशनच्या दुकानात म्हणाली. मी नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला गेले, तेव्हा समोरच्या माणसानं माझं आडनाव दोनदा विचारलं. मी ते वाक्य मनात म्हटलं आणि तिसऱ्यांदा न विचारता सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका धोबिणीनं आपल्याला हे दिलं, असंच मी धरून चालले होते. कुणी मला माझी आवडती व्यक्तिरेखा विचारली की मी तिचंच नाव सांगायची, म्हणजे नाव माहीत नसल्यामुळं 'एक धोबीण' म्हणायची, आणि पुण्यातली मंडळी विषय बदलायची.

पुढं ते सिनेमे बंद झाले. सर बदलून गेले, रसूलमामा थकले, घराघरात टीव्ही आला. तालमीमागं आता पार्किंग आहे. तात्यांचे बोर्ड फ्लेक्सनं खाल्ले. आणि दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाजाच्या जागी वारा उरला. कानाला तोंड लावून बोलले तरच कळतं, आणि तेवढंही त्यांना जड जातं. फोनवर तर काहीच नाही. मी फोन करते, मी बोलते, पलीकडून श्वास ऐकू येतो.

तेव्हापासून मला एकच ध्यास लागला. तात्यांचा तो जुना आवाज कुठंतरी असेल. कुणीतरी, कधीतरी, टेप केला असेल. लग्नाच्या व्हिडिओत पाहिलं, तर तात्या सगळीकडं आहेत, हात हलवताहेत, आणि वर सनई वाजतेय. मग कुणीतरी म्हणालं, रसूलमामांनी एकदा टेपरेकॉर्डर आणला होता. मामा आणि चाची दोघंही आता नाहीत. त्यांचा मुलगा सलीम कबनूरला असतो, त्याचे यंत्रमाग आहेत. मी तिथं गेले. मागांच्या खडखडाटात त्यानं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, "हुती की कॅसेट! पण आक्का, त्याच्यावर भावाच्या लग्नात गाणी भरली वो. आमाला काय ठावं, तुमी इचारत याल म्हणून?" तरी त्यानं कॅसेट शोधून दिली. मी ती दोन्ही बाजूंनी सगळी ऐकली. एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यात जरा फट राहिली आहे, तिथं एक पुरुष म्हणतो, "...बसा की". तो तात्यांचा आवाज असेल. नसेलही. मी ती फट किती वेळा ऐकली असेल, सांगायची सोय नाही.

खरी भीती वेगळीच होती. माझ्या डोक्यातलाही आवाज निघून चालला होता. आधी फौजदार गेला. मग तो काळा म्हातारा. एके दिवशी मुष्टियोद्धा आठवायला गेले तर त्याचे ओठ हलत होते आणि ऐकू काही येत नव्हतं. उरलं होतं फक्त धोबिणीचं ते एक वाक्य. तेवढ्यात आवाज अजून शाबूत होता. म्हणून तो कागद पाहिल्यावर मला वाटलं, तिला पुन्हा पडद्यावर बघितलं तर तात्यांचा आवाज परत येईल.

तात्या यायला तयार नव्हते. कानाशी म्हणाले, "ज्येच्यात मी न्हाय, त्यो शिनेमा बघून काय करू?" मी म्हटलं, "तात्या, आता खाली मराठी लिहून येतं. नुसतं बघायचं." त्यांनी हात झटकला. पण संध्याकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्याला मफलर गुंडाळून दारात उभे.

हॉल गार होता. गुळगुळीत खुर्च्या, बाहेर टेबलावर पुस्तकं. चोरून अक्षरं शिकलेल्या त्या माणसाचं पुस्तकही होतं, नव्या कोऱ्या आवृत्तीत. तात्यांनी ते उचलून वासच घेतला आणि ठेवून दिलं. पोरंपोरी शिस्तीत बसली होती. एका मुलीनं सुरुवातीला चांगलं भाषण केलं. मला ते आवडलं आणि थोडा रागही आला. हे सगळं आमच्या गल्लीनं चुरमुऱ्यांसोबत केलं होतं, कुणी आम्हाला गार हॉल दिला नव्हता.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर शिवण नव्हती. बाईचं नाक अख्खं आणि सुंदर होतं. ती बोलली, आणि मी दचकले. हिला आवाज आहे! खोल, दमलेला, जरासा घोगरा. खाली स्वच्छ मराठी उमटत होतं, पण तात्यांचा आवाज येईना. मी कान टवकारून आत आत शोधत होते. शेजारी तात्या पुढं झुकून बसले होते.

नळांचा प्रसंग आला, गेला. मग कचेरी. कारकुनानं कागद सरकवला. बाईनं नाव लिहिलं. त्यानं रबर उचललं. आता ती म्हणणार.

ती काहीच म्हणाली नाही.

पडद्याखाली अक्षर उमटलं नाही. ती नुसती त्याच्याकडं बघत उभी राहिली. खूप वेळ. एवढा वेळ की हॉलमधल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि मग अगदी हळू, ओठ न उघडता, ती एक चाल गुणगुणायला लागली. शब्द नाहीत. तिच्या आईची असावी अशी चाल. कारकुनाचा हात तिथंच थांबला, आणि त्यानं रबर खाली ठेवलं.

मी तात्यांकडं वळले. "तात्या," मी कुजबुजले, "ती इथं बोलतच नाही. मग ते वाक्य?"

तात्यांनी माझा कान जवळ ओढला. "ती बोलत न्हाई, ह्ये सरांनी सांगितलं हुतं की." त्यांना धाप लागली, थांबले. "पण आपली माणसं वाट बघत हुती गं. तिला गप कशी ठेवू? म्हणून म्या आपलं बोललो."

म्हणजे ते वाक्य तात्यांचं. ज्यावर मी आयुष्य काढलं, ते सातवी काठावर पास असलेल्या एका बोर्ड रंगवणाऱ्या माणसाचं. मला हसू आलं, आणि लगेच रडू. "तात्या, ते मी सगळीकडं तिच्या नावावर सांगत फिरले," मी म्हटलं. ते ऐकत नव्हते. पडद्यावर ती अजून गुणगुणत होती आणि तात्यांचे डोळे भरून वाहत होते.

"एवढी वर्सं," ते कानाशी म्हणाले, नुसता वारा, "म्या हिला गप बी बसू दिलं न्हाय. आणि गाऊ बी दिलं न्हाय. काय आवाज हाय गं बाईचा!"

"मला तुमचा ऐकायचा होता, तात्या," मी म्हटलं. मला ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं गेलं. "मी तुमचा शोधत आले होते."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून बघितलं. तात्यांनी माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. सिनेमा चालू असताना त्यांनी मला गप्प बसवलं, असं कधी झालं नव्हतं.

मी गप्प बसले. ती बाई गुणगुणत राहिली, तात्या ऐकत राहिले, आणि मी त्यांचा हात धरून तिचं ऐकता ऐकता त्यांच्याच आवाजासाठी रडत होते.